हिरवा ठिपका असलेला किराणा माल व्हीगन, म्हणजे दूध-मधासह कोणताही प्राणिजन्य घटक नसलेला, समजावा का?

नाही. नाशिकमध्ये रविवार कारंजावरच्या दुकानातून घ्या किंवा कॉलेज रोडवरच्या सुपरमार्केटमधून, हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ आपल्या नियमांनुसार शाकाहारी आहे, आणि त्या नियमांत दूध, दुग्धजन्य पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण व लाख (कीटकांपासून मिळणारी राळ) यांना मुभा आहे. म्हणून घटकसूची पूर्ण वाचावी. बिस्किटे, टोस्ट आणि मसालेदार वेफर्स यांत मला वारंवार दुधाची भुकटी, व्हे किंवा केसिनेट (हे दोन्ही दुधापासूनचेच घटक) आढळते, आणि चवीवरून ते मुळीच कळत नाही. सूचीखालची अॅलर्जीची ओळ आधी पाहावी, कारण दूध वापरले असल्यास ते जाहीर करणे बंधनकारक आहे. मात्र ‘दुधाचा अंश असू शकतो’ हा इशारा बहुधा सामायिक यंत्रांमुळे दिलेला असतो, म्हणून मी तो घटक मानत नाही. चकाकणाऱ्या गोड गोळ्यांच्या घटकसूचीत ९०१ हा क्रमांक म्हणजे मधमाश्यांचे मेण आणि ९०४ म्हणजे लाख. २०२२ च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र चिन्ह ठरवले आहे; ते दिसल्यास प्रश्नच मिटतो. सुट्या फरसाणाला आणि मिठाईला मात्र लेबल नसते, तेव्हा तूप किंवा दूध वापरले आहे का, हे दुकानदारांना निःसंकोच विचारावे.