आईसाठी वृद्धाश्रमात काय न्यावे?

प्रश्न : माझ्या आईला स्मृतिभ्रंश असून ती नागपुरातील एका वृद्धाश्रमात राहते. तिच्या वाढदिवसाला काय न्यावे?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात, जुने सूर आणि स्पर्श मात्र पुष्कळदा दीर्घकाळ ओळखीचे राहतात. त्यामुळे आईंच्याच जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली मऊ गोधडी मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ऊब देईल आणि त्यांच्या अस्वस्थ हातांना चाळवायला परिचित पोतही मिळेल. तिला सुटे मणी किंवा बटणे लावू नयेत, आणि कोपऱ्यावर त्यांचे नाव शिवावे, कारण सामायिक धुलाईत वस्तू सहज बदलतात.

छायाचित्रे न्यायची असल्यास मोजकीच निवडून प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत नाव व नाते लिहा. मात्र ‘हा कोण, ओळख पाहू’ असे कृपया विचारू नका, त्या परीक्षेने माणूस फार दुखावतो. संत्री न्यावीशी वाटणे स्वाभाविकच आहे, पण गिळण्याचा त्रास किंवा मधुमेह आहे का, हे परिचारिकेला आधी विचारून, साल व बिया काढूनच द्या.