पदराची उलटी बाजू

हातमागाच्या साड्यांबद्दल या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी येऊन थांबतात: दोन धागे जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. पैठणीत ती पदराच्या नक्षीत असते, इरकलमध्ये पदर सुरू होतो तिथे, करवत काठी साडीत काठाला लागून. साडीची खरी पारख तिथेच होते आणि बहुतेक दुखणीही तिथेच सुरू होतात.

प्रश्न : लग्नासाठी 'हातमागाची पैठणी' बघितली. सिल्क मार्कचं लेबल आहे, पण पदराच्या मागे मोरांभोवती धागे कापल्यासारखे दिसतात. घ्यावी का? (एक वाचक, डोंबिवली)

सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याची हमी देतो, एवढंच. साडी कशावर विणली, याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क हे वेगळं लेबल असतं. पण दोन्ही लेबलं असली, तरी पदर तिल्ल्यांनी, म्हणजे रंगीत रेशीम गुंडाळलेल्या छोट्या कांड्यांनी, विणला की जकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, हे लेबल वाचून कळत नाही. त्यासाठी पदर उलटा करावा लागतो.

परंपरागत पदरात नक्षीचा प्रत्येक रंग आपल्यापुरताच जातो. मोराचा निळा धागा मोराच्या कडेपर्यंत येतो, शेजारच्या जरीत अडकतो आणि मागे वळतो. त्यामुळे मागे सोडायला किंवा कापायला धागाच उरत नाही. सुरुवात-शेवटाची बारीक टोकं सोडली, तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जकार्डवर मात्र रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. नक्षी नसेल तिथे तो मागच्या बाजूला लोंबतो आणि नंतर कातरला जातो. तुम्हाला दिसले ते हेच.

आता एक काळजी. मागे कापलेले धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाची, असं लगेच म्हणू नका. पुठ्ठ्यांचं जकार्ड हातमागावरही बसवतात. काठ जकार्डवर आणि पदर हाताने, असाही माल येवल्यात विणला जातो. यात गैर काही नाही, तीही मेहनतच आहे. पण ती तिच्या नावाने आणि तिच्या भावात विकली गेली पाहिजे. तिल्ल्यांच्या पदराचे पैसे जकार्डच्या पदराला देऊ नका. दुकानदाराला सरळ विचारा, "पदर जकार्डचा की हाताचा, काठ कशाचा?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

जरही विचारा. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो. 'टेस्टेड' जरीत तार तांब्याची असते, मुलामा खरवडला की लालसर रंग दिसतो. तिसरी प्लॅस्टिकची जर, ती जाळली की वितळून तिचा मणी होतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते.

प्रश्न : पदराला महिना-महिना लागतो म्हणतात. इतका वेळ जातो कशात? (एक विद्यार्थिनी, पुणे)

एक ओळ विणून पाहू. समजा, पदरावर आडव्या रांगेत आठ मुनिया, म्हणजे छोटे पोपट आहेत. अंग हिरवं, चोच लाल, भोवती जर. एका मुनियाला दोन रंग, म्हणजे सोळा तिल्ल्या. मुनियांच्या मधे आणि दोन्ही टोकांना जरीचे नऊ तुकडे. एकूण पंचवीस तिल्ल्या आणि चोवीस जोड.

पायाने पावडा दाबला की ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे, धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते. एरवी त्या वाटेतून धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी नळी, एका फेकीत आरपार जातो. पदरात विणकर पहिली तिल्ली मोजक्या धाग्यांतून काढतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो, खाली सोडतो आणि दुसरी उचलतो. पंचविसावी संपली की ओळ घट्ट बसवणाऱ्या हात्याचा एक ठोका. मग दुसरा पावडा, आणि तेच सगळं उलट दिशेने, कारण प्रत्येक तिल्ली आता जिथे आहे तिथूनच परतणार. चोचीचा उतार साधायचा तर लाल धागा दर ओळीला एक-दोन घरं सरकवावा लागतो. एक घर चुकलं तर चोच बोथट होते, आणि ते बऱ्याचदा दहा ओळी वर गेल्यावर लक्षात येतं. मग तेवढ्या ओळी उसवायच्या. इंचाला साठ ओळी धरल्या तर एका इंचात चौदाशे चाळीस जोड झाले. दाट नक्षीच्या पदरात दिवसाकाठी इंच-दोन इंच काम पुढे जातं, ते यामुळे. बंगडी-मोर किंवा आसावलीची वेल असेल तर रंग वाढतात आणि तिल्ल्याही. अंगभर अशी नक्षी असलेल्या पैठणीला वर्ष-दीड वर्षही लागतं.

प्रश्न : नव्या पैठणीचा पदर उजेडाकडे धरला तर नक्षीच्या कडेला बारीक फटी दिसतात. साडी बदलून मागू का? (एक वाचक, सोलापूर)

आधी फट मोजा. दोन रंगांची कड तीन तऱ्हांनी विणता येते. दोन्ही धागे एकमेकांत अडकवले तर फट राहत नाही. दोन्ही एकाच ताण्याच्या धाग्याभोवती आळीपाळीने वळवले तर कडेला बारीक दाते दिसतात, फट तिथेही नसते. पण दोघे आपापल्या शेवटच्या धाग्यावरून वळले, तर मधे उभी चीर राहते. तिरप्या कडेवर जोडाची जागा दर ओळीला सरकते, म्हणून ही चीर दोन-तीन ओळींतच बंद होते. तो दोष नाही, हाताने विणल्याची ती खूण आहे. सरळ उभ्या रेषेत मात्र ती वाढत जाते. तांदळाच्या दाण्याहून लांब चीर असेल तर जरूर तक्रार करा, कारण पिन किंवा बांगडी तिथेच अडकते.

जोड फार आवळला असेल तर पदर त्या जागी चुणतो. सैल असेल तर मागे फासे दिसतात. साडी जुनी असून बदलून मिळणार नसेल, तर चांगल्या रफूवाल्याकडून त्याच रंगाच्या रेशमाच्या एकेरी तारेने मागून चीर धरून घ्या. मशीनची शिलाई नको. सुईने ताण्याचे धागे तुटतात आणि चीर लांबते.

प्रश्न : आईची इरकल पदराच्या सुरुवातीला आडवी फाटली आहे. शिंपी म्हणतो, कापून जोडतो. (एक वाचक, कोल्हापूर)

तिथे कापड फाटलेलं नाही, जोड सुटला आहे. दोन्हींत फरक आहे.

बागलकोट जिल्ह्यातल्या इरकलचा ताणा सलग नसतो. अंगाचा ताणा सुती, पदराचा लाल रेशमी, तोही वेगळा तयार केलेला. अंगाच्या धाग्यांचे फासे आणि पदराच्या धाग्यांचे फासे एकमेकांत ओवून दोन ताणे जोडतात. याला टोपे-तेनी म्हणतात. दर साडीला ताणा नव्याने जुळवावा लागतो, म्हणून हे काम वेळखाऊ. पण या जोडामुळेच पदर आडवा-उभा लालच राहतो. सलग ताण्यावर लाल बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून केलेली नक्कल उजेडात धरा, अंगाचा रंग लालातून डोकावतो.

जोड सुटण्याची कारणं दोन. धुतल्यावर सूत आटतं, रेशीम तितकं आटत नाही, म्हणून जोडाची रेघ आखडते. मग साडी पिळली किंवा त्या रेघेवरच पिन लावली की फासे एकेक करून तुटतात. थोडेच तुटले असतील तर मागून दोन इंच रुंद मऊ वापरलेल्या मलमलची पट्टी लावा, बारीक धावदोऱ्याने, रेघेपासून बोटभर अंतर सोडून दोन्ही बाजूंना. ताण पट्टी घेईल. पाव रुंदीहून अधिक सुटलं असेल तर शिंप्याचं ऐकावं, पण पदराकडची लाल दातेरी रेघ कापू देऊ नका. शिलाई अंगाकडच्या सुतात घ्यायला सांगा.

धुताना गार पाणी, पीळ नाही. नवी इरकल पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवा, नाहीतर लाल रंग पदराच्या पांढऱ्या पट्ट्यांत उतरतो.

प्रश्न : करवत काठी टसरमध्ये जागोजागी जाड धागे आहेत. माल हलका आहे का? (एक वाचक, ठाणे)

नाही. टसरचा किडा ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. त्याच्या कोषाचा धागा मुळातच कमी-जास्त जाडीचा आणि तांबूस असतो. विदर्भातल्या या साडीत काठ पाहावेत. दोन काठांना दोन आणि अंगाला एक, असे तीन धोटे चालतात. काठाचा आणि अंगाचा बाणा दर ओळीला अडकवून जोडाची जागा पायरी-पायरीने सरकवली की करवतीचे दाते उमटतात. मागच्या बाजूलाही दाते तितकेच स्वच्छ हवेत. मागे लांब धागे लोंबत असतील, तर ते दाते नुसते वरून काढलेले आहेत.

प्रश्न : जुन्या पैठणीची जर काळी पडली. लिंबाने चोळू का? (एक वाचक, मडगाव)

मुळीच नको. आंबटाने मुलामा निघतो आणि रेशमाचा रंग जातो. अस्सल जरीतली चांदी गंधकाने काळवंडते: रबरबँड, लोकर, दमट हवा. अत्तरानेही जर खराब होते. काळी झालेली जर जाणत्या पॉलिशवाल्याकडेच द्या. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात ठेवू नका, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. दर तीन महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या जागी मोडा, कारण एकाच घडीवर जरीची तार तुटते. गोव्याच्या पावसाळ्यात हे काम श्रावणातल्या एखाद्या उघडिपीच्या दुपारी, सावलीत करावं.