"मॅडम, घरच्यांची सही लागेल का?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सेकंड इयरची मुलगी, वय १९, हॉस्टेलवर राहणारी. सॅक मांडीवरून खाली ठेवेना. चेन उघडत-लावत बसली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, घरच्यांची सही लागेल का?" गर्भचाचणीच्या किटवर दोन रेघा आल्या होत्या. एका दवाखान्याने "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून परत पाठवलं होतं. सॅकेत गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट होतं, मित्राने कुठूनतरी आणलेलं.

हा प्रश्न इतक्या जणी विचारतात, म्हणून सरळ लिहिते. १८ वर्षं पूर्ण असतील तर गर्भपाताला फक्त त्या मुलीची संमती लागते. आईवडिलांची नाही, नवऱ्याचीही नाही. १९७१च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाल्यापासून गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित मुलीलाही लागू आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. वय १८ च्या आत असेल तर मात्र पालकाची संमती लागते आणि पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं. तरी मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

गोळ्या मी टेबलावर ठेवायला लावल्या. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्यांचा उपयोग होत नाही, नळी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरची तपासणी. "शेवटची पाळी कधी आली?" "गॅदरिंगच्या दिवशी." मोबाईलच्या कॅलेंडरवर दोघींनी बोट ठेवून मोजलं. सात आठवडे.

मग हळूच म्हणाली, "आणि ठेवायचं ठरवलं तर?" तेही बोललो. विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत द्यावी, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलंय; आपल्याकडचा नियम मी विचारून देते म्हटलं. बाळ वाढवणं जमणार नसेल तर बाल कल्याण समितीमार्फत दत्तक देता येतं, आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात.

"तुम्हीच सांगा ना मॅडम, काय करू." ते मी सांगितलं नाही. तिच्या रडण्याने जीव तुटत होता, तरी नाही. एवढंच विचारलं, घरातलं कोण तुझ्यावर ओरडणार नाही? खूप वेळाने म्हणाली, "मावशी."

दोन दिवसांनी मावशी रातराणीने आली. सरकारी रुग्णालयात मी सोबत गेले. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी सगळं समजावलं. मावशी बाहेर बाकावर. फॉर्म समोर आला तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"फक्त माझीच सही?"

"फक्त तुझीच."