गुठळ्या परत सोडवायच्या असतील तर पॉलिमर आधी निवडा

तुम्ही सिलिकाचे ऋणभारित कण पॉलिडॅडमॅक (धनभारित पॉलिमर) घालून जमवलेत आणि मग पीएच ७ वरून १० वर नेलात, तरी गुठळ्या सुटल्या नाहीत. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. या जोडीत त्या सुटणारच नव्हत्या.

पॉलिडॅडमॅकचा धनभार क्वाटर्नरी अमोनियमचा, म्हणजे कायम धनभार असलेल्या नायट्रोजन गटाचा असतो. पीएच कितीही फिरवा, तो जात नाही. उलट पीएच वाढला की सिलिकाचा ऋणभार वाढतो, म्हणजे पकड आणखी घट्ट होते. त्यात पॉलिमरची साखळी लांब असेल तर ती कणाला असंख्य ठिकाणी धरते. एक जागा सुटते तोवर बाकीच्या धरून असतात.

मिठाचा मोह होईल. भरपूर मिठाने पॉलिमरची पकड सैल होते हे खरं, पण कणांमधलं आपसातलं विकर्षणही त्याच मिठाने झाकलं जातं. मग व्हॅन डर वाल्स आकर्षणाने कण तसेच चिकटून राहतात. गुठळी सुटायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: पॉलिमरने हात सोडायला हवा आणि कणांनी एकमेकांना ढकलायला हवं.

कायटोसान (आणखी एक धनभारित पॉलिमर) घेऊ नका. पीएच साधारण ६.५ च्या वर त्याचा भार जातो, पण मग ते पाण्यात विरघळतही नाही, कणांवरच साका धरतं.

मी जोडी उलटी करेन. सिलिकावर क्वाटर्नरी अमोनियमचा थर द्या, म्हणजे कण कायम धनभारित राहतील. पॉलिमर म्हणून कमी रेणुभाराचं पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड घ्या. पीएच ७ ला त्याच्यावर भरपूर ऋणभार असतो, गुठळ्या होतात. आम्ल घालून पीएच ३ च्या खाली नेलात की भार जवळजवळ संपतो आणि गुठळ्या सुटतात. पुस्तकातला पीकेए (ज्या पीएचला निम्म्या आम्ल-गटांवर भार असतो तो) साधारण ४.५ दिसतो, पण धनभारित पृष्ठभागाजवळ हा भार सहज जात नाही, म्हणून बरंच खाली उतरावं लागतं.

पॉलिमरचा डोस थोडा थोडा वाढवत न्या आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) शून्याजवळ आलं की थांबा. त्यापुढे गेलात तर कणांचा भार उलटा होऊन ते पुन्हा पसरतात. बरेच जण यालाच रिव्हर्सिबल (परत सुटणारं) म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पॉलिमर तर कणांवरच बसलेला असतो.

गुठळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये दाबू नका, सुकू तर मुळीच देऊ नका. आणि प्रत्येक फेरीत (आम्लाने सोडवणं, अल्कलीने पुन्हा जमवणं) आम्ल-अल्कली मिळून मीठ तयार होतं, ते साचत जातं. वाहकता मोजत राहा. ती वाढली की डायलिसिस करून (पडद्यातून मीठ काढून) मगच पुढची फेरी घ्या.