वाईट बातमी तुझ्यापर्यंत लवकर पोचू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, शिफ्ट इनचार्ज झालास, मनापासून अभिनंदन. तू विचारलंयस, "माणसं ऐकत नाहीत, काय करू?" त्याआधी एक बघ, माणसं तुला सांगतात का? साच्याची वाळू ओली आली, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) तुटका बसला, बॉक्स (साच्याची पेटी) नीट बंद झाला नाही, हे तुला कोण सांगतं आणि किती वेळानं? इनचार्ज कसा आहे हे मी तरी यावरूनच ओळखतो.

हिशेबच मांडतो. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या माती-पाणी मिसळलेल्या वाळूत, ओल साधारण ३ ते ४ टक्के लागते. पावसाळ्यात एखाद्या पाळीला ती ५ वर गेली, तर साचे भरणाऱ्या मुरलेल्या मोल्डरला मूठ आवळताच कळतं, वाळू तळहाताला चिकटून राहते. त्यानं तेव्हाच आवाज दिला तर भरलेले बॉक्स फोडायचे आणि वाळू परत मिक्सरला. गेली ती घटकाभराची मजुरी. तो गप्प बसला तर त्यात धातू ओतला जातो. एक टन लोखंड वितळवायला ५५० ते ६५० युनिट वीज लागते. पुढं नॉकआउट (साचा फोडून माल काढणं), शॉट ब्लास्ट (छर्रे मारून साफ करणं), फेटलिंग (जादा धातू घासून काढणं), सगळ्यांचे हात त्या खराब मालावर चालतात. ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी, पुष्कळदा वरच्या थराखाली लपलेलं असतं आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर टूल लागल्यावर उघडं पडतं. मग अख्खा लॉट परत येतो.

मोल्डर का गप्प बसला? मागच्या खेपेला सांगायला गेला तेव्हा चारचौघांत बोलणी खाल्ली म्हणून. त्या रागाचं बिल असं महिन्याभरानं येतं, आणि वहीत ते 'सँड डिफेक्ट' म्हणून लिहिलं जातं.

म्हणून कुणी वाईट बातमी घेऊन आला की तुझं पहिलं वाक्य जप. तीनच प्रश्न विचार: काय झालं, किती बॉक्स, आत्ता काय थांबवायचं? 'कुणी केलं' हा प्रश्न त्या तासात नको. ओतणं थांबव, आणि "लगेच सांगितलंस, बरं झालं" हे बाकीच्यांना ऐकू जाईल असं बोल. कारण शोधायला शिफ्ट संपायच्या आधी पंधरा मिनिटं बस. तिथं फरक मात्र कर. माहीत नव्हतं म्हणून चुकलं, तर शिकव. घाईत विसरलं, तर कामाची रीत बदल. पण समजावूनही सुरक्षेचा चष्मा न घालता लॅडलजवळ (वितळलेल्या लोखंडाच्या भांड्याजवळ) गेला, तर त्याच दिवशी कामावरून बाजूला कर. मवाळपणा म्हणजे समजूतदारपणा असं धरून चालशील तर फसशील.

काही वेळा चर्चेला जागाच नसते. एसजी आयर्नला (ज्यात ग्रॅफाइट गोल कणांत असतं त्या लोखंडाला) मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की साधारण १० मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचा असर उतरतो आणि ग्रॅफाइट गोल धरत नाही. त्या मिनिटांत हुकूम तोकडे हवेत, आणि ते एकाच माणसाकडून. ओलं भंगार भट्टीत पडताना दिसलं तर खच्चून ओरड. वाफेचा स्फोट होऊन वितळलेलं लोखंड अंगावर येतं, तिथं कसली आलीय अदब? मात्र काम निवलं की ज्याच्यावर ओरडलास त्याच्याकडं स्वतः जा आणि का ओरडलास ते सांग. रोज ओरडणाऱ्याचा धोक्याचा आवाज वेगळा ओळखू येत नाही, हेही ध्यानात ठेव.

आता वयाचं. आपल्याकडं अरे-तुरे हे प्रेमाचं असतं, पण ते बरोबरीच्यांत. पंचावन्न वर्षांच्या मिस्त्रींना पंचविशीतल्या साहेबानं अरे म्हटलं तर ते बोलणार नाहीत, फक्त हात आखडता घेतील. त्यांना 'अहो मामा' म्हण. चूक दाखवायची तर बाजूला नेऊन, आणि हातात ते कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) घेऊन दाखव. "तुम्ही नेहमीच असं करता" या वाक्यानं माणूस स्वतःला वाचवायला लागतो. "या कडेला वाळू कमी ठोकली गेलीय, बघा" म्हटलं की तोही कास्टिंगकडं बघतो.

फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेशातली पोरं असतील, डबा घेऊन वेगळी बसणारी. शाहू महाराजांनी तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन स्वतः चहा घेतला, नुसतं फर्मान काढून थांबले नाहीत. तूही आठवड्यातून एकदा या पोरांत बसून जेव. ग्राइंडरचा कुठला गार्ड सैल झालाय हे तुला तिथंच कळेल.

गैरहजेरीवर चिडण्याआधी माणूस राहतो कुठं ते विचार. करवीर, पन्हाळ्याकडची निम्मी माणसं शेतकरीही असतात. मोटारीला रात्रीची लाईट असली की रात्रभर ऊस पाजून सकाळी पाळीला येतात. अशा माणसाला त्या दिवशी क्रेनवर ठेवू नकोस. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या रजा पंधरा दिवस आधी कागदावर घे, मग ऐनवेळी भांडण होत नाही. आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की चिखली, आंबेवाडीकडच्या माणसांना तूच बोलावून विचार, घरचं सामान, जनावरं हलवायची आहेत का? धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्याची वाट बघत बसू नकोस. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता.

राहिला तुझा स्वतःचा राग. गिऱ्हाइकाचा तिखट फोन आला की तसाच शॉपवर जाऊ नकोस. आधी पाणी पी, फोनवर ऐकलेलं कागदावर उतरव, मगच जा. तिसऱ्या पाळीनंतर, उपाशीपोटी कुणाचा हिशेब करू नकोस. तुझंच चुकलं, तर ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोरच "चुकलो" म्हण. त्याला एका वाक्यापेक्षा जास्त लागत नाही.

एक वही कर, दोन रकान्यांची. माणसांनी आपणहून सांगितलेले दोष एकीकडं, इन्स्पेक्शनमध्ये किंवा गिऱ्हाइकाकडं सापडलेले दुसरीकडं. तू नीट वागलास तर आधी पहिला रकाना फुगेल, आणि तुझ्या शिफ्टला दोष वाढलेत असं दिसेल. दुसरा रकाना खाली यायला वेळ लागतो. मालकांना हे आजच सांगून ठेव. नाहीतर पहिल्याच आढाव्याला ते विचारतील, आणि तू परत ओरडायला लागशील.

तुझा,
एक हितचिंतक
कोल्हापूर