होडीवरील बॅटरीसाठी चार्जर घेताना

१२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी आपण १० ते २० अँपिअरचा आणि व्होल्टेज सुमारे १४.४ पर्यंत नेऊन नंतर १३.५ च्या आसपास आपोआप उतरवणारा चार्जर घ्यावा. माझ्या पहिल्या, स्वस्तातल्या चार्जरने बॅटरी रात्रभर उकळत ठेवली आणि सकाळी बुचे काढली तेव्हा प्लेटा कोरड्या पडल्या होत्या. चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याची फळी उघडी ठेवावी आणि चार्जरचे चिमटे काढण्यापूर्वी त्याची वीज बंद करावी. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग संपल्यावरच खुणेपर्यंत भरावे. प्लेटा उघड्या दिसत असल्यास मात्र त्या जेमतेम बुडतील एवढे आधी घालावे. खाऱ्या हवेने टर्मिनलवर चढणारी हिरवट पूड, बुचे घट्ट लावून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी आणि कोरड्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली चोपडावी.