बेडसाइड औषध स्कॅनिंगसाठी ट्रॉलीवरचा कॉम्प्युटर घ्यावा की हातात मावणारा स्कॅनर?

तुम्ही आयटीतले दिसता. खाटेपाशी औषध देण्याआधी पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याचा आणि औषधाचा बारकोड स्कॅन करायचा, त्यासाठीचं कोटेशन मागवायचंय, म्हणून ट्रॉली की हँडहेल्ड हे विचारताय. सांगते, पण रात्री दोन वाजता जिला ते वापरायचंय त्या सिस्टरला विचारलंत का?

आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. ट्रॉल्या आल्या त्या खरेदी विभागाच्या पसंतीच्या. खाली लेड-ॲसिड बॅटरी, वर वायरचा लेझर स्कॅनर. डेमो मीटिंग हॉलमध्ये, सपाट कागदावर छापलेल्या बारकोडवर. पहिल्याच फटक्यात बीप, सगळे खूश.

पहिल्याच आठवड्यात माझी नाइट होती. एक आजोबा डाव्या कुशीवर झोपलेले, पट्टा डाव्याच मनगटात आणि हात अंगाखाली. दोन खाटांच्या मध्ये ट्रॉली शिरेना, बाहेरून वायर पुरेना. हात हळूच सोडवून घेतला, तर पट्ट्यावरचा आडवा बारकोड मनगटाला वळसा घालून गेलेला. लेझरला अर्ध्याच रेघा दिसणार! पाचव्यांदा बीप झाला तो इतका मोठा, की आजोबा दचकून उठले आणि पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "सिस्टर, सकाळ झाली का?" पुढच्या पेशंटपाशी पोचेपर्यंत बॅटरीने मान टाकली.

मग व्हायचं तेच झालं. कोणीतरी पट्ट्यांच्या जादा प्रती छापून नर्सिंग स्टेशनवर चिकटवल्या. तिथेच सगळ्यांचे कोड स्कॅन करायचे आणि गोळ्या घेऊन फेरीला निघायचं. औषध देताना पेशंट, औषध, डोस, देण्याचा मार्ग आणि वेळ बरोबर आहे ना हे बघायचं, त्याला आम्ही फाइव्ह राइट्स म्हणतो. त्यातला पहिला राइट, म्हणजे पेशंट तोच आहे ना, हाच राहून गेला. चूकच होती, मी नाकारत नाही. पण मेमो फक्त आम्हाला आला, आणि साहेब म्हणाले, "सिस्टरना ट्रेनिंग कमी पडलं."

2008 मध्ये अमेरिकेतले संशोधक रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी बारकोड स्कॅनिंगमधल्या अशाच पळवाटांवर शोधनिबंध लिहिला होता. पळवाटांचे 15 प्रकार, त्यांची कारणं 31. चुरगळलेले बारकोड, भिजलेले पट्टे, संपणाऱ्या बॅटऱ्या, बेभरवशाचं वायफाय, सगळं त्यात आहे. मी प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. महिन्याभराने परत मागितली तेव्हा पान उलटल्याची खूणही नव्हती. आणि खाटेपाशी बारकोड स्कॅन करून औषध द्यायची ही कल्पना मुळात सुचली कोणाला? 1992 मध्ये अमेरिकेत टोपेकाच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या सू किनिक या नर्सला, भाड्याची गाडी परत करताना तिथल्या माणसाच्या हातातला स्कॅनर बघून!

असो. लेझर घेऊ नका, टूडी इमेजर घ्या, म्हणजे कोडचा फोटो काढून वाचणारा स्कॅनर. बऱ्याच औषधांवर आता ठिपक्यांचे चौकोनी डेटामॅट्रिक्स कोड असतात, त्यात बॅच आणि मुदतही असू शकते. लेझरला ते वाचताच येत नाहीत. पट्ट्यावरही तोच छोटा चौकोनी कोड तीन-चार ठिकाणी छापून घ्या, म्हणजे हात कसाही असला तरी एखादा वर येतो. स्कॅनर बिनवायरचा, रात्री बीप बंद करून नुसता थरथरणारा. तुमच्याकडे ज्या द्रावणाने पुसतात ते त्या प्लॅस्टिकला चालतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या, नाहीतर थोड्याच दिवसांत तडे जातील. ट्रॉली घेतलीत तर बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, आणि काम चालू असताना बदलता येणारी.

ट्रॉली की हँडहेल्ड? माझं मत दोन्ही. ट्रॉली खोलीच्या दाराशी, हँडहेल्ड पेशंटपाशी. नुसत्या हँडहेल्डच्या पडद्यावर ॲलर्जी, लॅब रिपोर्ट आणि डोस एका नजरेत दिसत नाहीत. आयसीयूचं गणित वेगळं, तिथे प्रत्येक खाटेशी भिंतीवर कॉम्प्युटर असेल तर ट्रॉली अडगळच. आणि हो, पट्टीतून गोळी कापून देताना कोडच कापला जात असेल तर सगळ्यात महागडा स्कॅनरही काही वाचणार नाही. त्यासाठी आधी फार्मसीशी बसा.

डेमो वॉर्डातच घ्या. एकाला पट्टा बांधून खाटेवर कुशीवर झोपवा, दिवे मालवा आणि हातमोजे घातलेल्या सिस्टरच्या हातात स्कॅनर द्या. आमच्या दुसऱ्या खरेदीच्या वेळी मी हेच केलं. खाटेवर झोपायला साहेबांनाच सांगितलं होतं.